ऐंशीचं पातं

१ मार्च, शनिवार

इरिडियमचे स्पार्क प्लग घ्या म्हणे! पार्टवाल्याने डबी अशी हळूच उघडली, जणू आत कुणाचे दागिने आहेत. "साहेब, हे बसवलेत की लाखभर किलोमीटर बघायला नको." अरे बाबा, मला बघायचंच असतं! दर पंधरा दिवसांनी प्लग काढायचा, उजेडात धरायचा आणि त्याचा रंग वाचायचा. भाजक्या बिस्किटासारखा तपकिरी — इंजिन खुशीत. पांढराफटक — तापतंय. काजळी — पेट्रोल नीट जळत नाही. हे वाचायचा ज्याला कंटाळा, त्याने सुपरचार्जरच्या वाटेला जाऊ नये. सायकल घ्यावी.

साधे, तांब्याच्या गाभ्याचे चार प्लग घेतले. मात्र कंपनीने सांगितलेल्या नंबरापेक्षा एक पायरी थंड. काउंटरवरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "थंड प्लग म्हणजे काय हो? फ्रीजमध्ये ठेवतात?" मी म्हटलं, थंड म्हणजे अंगावरची उष्णता चटकन इंजिनच्या धातूत सोडून मोकळा होणारा. आमच्या गाडीत सुपरचार्जर हवा कोंबून कोंबून भरतो, त्यामुळे आतली आगही दीडपट. नेहमीचा प्लग अशा आगीत निखाऱ्यासारखा लाल होतो आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवून बसतो. पिस्टनचा निकाल!

दहा मिनिटं बोललो. पार्टवाला म्हणाला, "साहेब, प्लगचे पैसे घेतो, व्याख्यानाचे तुम्ही घ्या."

टेकडीवरच्या गाड्यांच्या चढाईला, म्हणजे शर्यतीला, एकोणतीस दिवस.

२ मार्च, रविवार

बावन्न पूर्ण. लेकीने भेट दिली — फिलर गेज! पोलादी पात्यांचा पंखा. प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली. प्लगच्या दोन टोकांतली फट याच पात्यांनी मोजायची. चष्मा पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. डबीचा एक कोपरा घासलेला दिसला. म्हटलं, "बेटा, दुकानदाराने तुला जुना माल चिकटवला." ती म्हणाली, "पाती बघा ना, बाबा." पाती मात्र कोरी करकरीत.

माझं जुनं गेज चोवीस वर्षांचं. दर रविवारी त्याचं नेहमी लागणारं ०.८० चं पातं अगदी बारीक पॉलिश पेपरने घासायचं, तेलाचा हात फिरवायचा, मग चहा — हा नेम एकदाही चुकलेला नाही. गंजाचा ठिपका दाखवा, हजार रुपये देतो! आरशासारखं पातं. त्यात बघून दाढी करता येईल.

तरी पोरीचं मन मोडवेना. जुनं ड्रॉवरमध्ये ठेवलं. कानामागून आली अन् तिखट झाली!

एप्रिलमध्ये तिची बँक तिची बदली करते आहे, दूर. म्हणजे ही चढाई आमची दोघांची शेवटची. गाडी मी बांधायची, चालवायची तिने.

५ मार्च, बुधवार

माझ्या वायंडिंगच्या दुकानात पाण्याचे तीन पंप एकदम जळून आले. प्लगांना हात लावायला फुरसत नाही. पोट आधी, फुंकणी नंतर. (सुपरचार्जरला घरात सगळे फुंकणी म्हणतात. नाव आमच्या हिने ठेवलं. मी रागावायचं सोडून दिलं आहे.)

९ मार्च, रविवार

गॅप धरली. हे काम मी घाईत करत नाही. प्लग फडक्यावर ओळीने मांडायचे. वरची वाकडी जीभ अलगद ठोकून खाली आणायची — मधल्या दांडीला धक्कासुद्धा लागता कामा नये, तिच्या भोवतीची चिनी माती तडकते. मग पातं सरकवायचं. ते अडकलं तर गॅप कमी. खुळखुळलं तर जास्त. लोण्यातून सुरी जावी तसा जरासा ओढा लागला पाहिजे. चारही प्लग ०.८०. भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेलंच आहे मी: गॅप ०.८० — वाद नको.

हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही. दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणं जड जातं, भरगच्च गर्दीतून पलीकडे जावं तसं. म्हणून फट कमी हवी. पण फार कमी केली तर ठिणगीच पिटुकली होते. एक मिलिमीटरपासून सुरुवात करून, एकेक पाऊल खाली येत, एक अख्खं वर्ष घालवून मी हा आकडा शोधला. मी! वायंडिंगच्या दुकानदाराने, ज्याने कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नाही.

संध्याकाळी लेकीला घेऊन बाहेर पडलो. हळू चालवली तेव्हा झकास. तिने पाय दाबला, फुंकणीने दाब धरला, आणि — फट् फट् फुर्र! मिसिंग! ठिणगी चुकतेय!

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

१० मार्च, सोमवार

पेट्रोल खराब असणार. टाकी रिकामी केली, दुसऱ्या पंपावरून भरलं. फुर्र.

१२ मार्च, बुधवार

थंड प्लगांवर संशय. मागच्या वर्षीचे जुने चार बाहेर काढले. पाहतो तर त्यांची गॅप मिटलेली! नव्या गेजचं ०.८० चं पातं आत शिरेना. कमालच — वापराने टोकं झिजून गॅप वाढते, ही मिटली कशी? असो. नीट ०.८० केली, बसवले. फुर्र! पुन्हा नवे लावले.

ही ओट्यापाशी गुणगुणत होती. या घरात इतकं आनंदी कुणी का आहे, कळत नाही.

१३ मार्च, गुरुवार

एक वाईट शंका आली. ते घासलेल्या कोपऱ्याचं गेज! दुकानात नेलं आणि ज्या मायक्रोमीटरने तांब्याची तार मोजतो त्यात त्याचं ०.८० चं पातं धरलं. ०.८०. केसाचाही फरक नाही. मनातल्या मनात पोरीची माफी मागितली.

१६ मार्च, रविवार

कॉइल बदलली. वायरी बदलल्या. पेट्रोलचा दाब तपासला. हात काळे, तोंड त्याहून काळं.

ही चहा घेऊन गॅरेजमध्ये आली. टूलबॉक्सवर बसली. म्हणाली, "चौथ्या वळणावर त्याची गाडी अशीच ओरडत होती, नाही?"

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

मेहुणेबुवा! हिचा धाकटा भाऊ. चष्म्याचं दुकान. आम्ही दोघांनी एकाच महिन्यात, एकसारख्या गाड्यांवर, एकसारख्या फुंकण्या बसवल्या होत्या. माझी गाडी हरणासारखी. त्याला माझाच आकडा दिला — ०.८०. त्याने खास नवीन गेज विकत घेऊन गॅप धरली. आणि सहा वर्षांपूर्वीच्या चढाईत, चाळीसेक माणसांदेखत, चौथ्या वळणावर त्याची गाडी फुरफुरली आणि तिथेच उभी राहिली. ढकलत खाली आणली. मी म्हणालो... काय म्हणालो ते इथे लिहून ठेवतो, कारण आजवर लिहिलेलं नाही: "अरे, चष्मे विकतोस ना? आधी एक स्वतःला लाव! ०.८० दिसत नाही तुला!" सगळे हसले. तोही हसला, जरासा. पुढच्या महिन्यात त्याने गाडी विकली. त्यानंतर या घरात पाऊल नाही. आम्हा दोघांत राखलेलं अंतर सोडून दुसरं काही नाही. ही एकटीच माहेरी जाऊन येते. मी दुसरीकडून चष्मा करून घेतला. त्याने डोकं दुखतं. सांगणार कुणाला?

हिला म्हटलं, "त्याचं वेगळं होतं. त्याला गॅप धरता येत नव्हती."

"हो का," ती म्हणाली आणि कप घेऊन गेली. तिच्या या दोन शब्दांपेक्षा शिव्या परवडल्या.

२२ मार्च, शनिवार

चाचणीचा दिवस. चढाई भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी सुरुवातीच्या पांढऱ्या रेषेपाशी, हातात कागद. लेक दोन वळणं गेली आणि सगळ्या टेकडीला ऐकू आलं. फुर्र... फट्!

"असं असेल तर रविवारी वर सोडता येणार नाही," सेक्रेटरी म्हणाले. "वळणावर बंद पडली आणि मागून दुसरी आली तर? शुक्रवारी पुन्हा तपासतो. त्यानंतर नाही."

परत येताना लेक म्हणाली, "बाबा, नाही जमलं तरी चालेल." ती असं म्हणाली म्हणून आता जमायलाच पाहिजे.

आजूबाजूला क्लबची जुनी मंडळी होती. त्यातल्या एकाने माझा चष्मा निरखून बघितला. तसा भास झाला असेल.

२४ मार्च, सोमवार

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहितो.

दुपारी एक म्हातारबाबा पंप न्यायला आले. संशयी माणूस. "तार बारीक तर नाही ना घातलीत?" मी उरलेला तुकडा मायक्रोमीटरमध्ये धरून आकडा दाखवला. आजोबा आकड्याकडे बघत राहिले. "हे तारेला मोजतं. याला कोण मोजतं?"

मी खूश! असे प्रश्न मला आवडतात. ड्रॉवरमधून तपासणीची दांडी काढली — बरोबर पंचवीस मिलिमीटरची, फडक्यातच ठेवायची, हात लावायचा नाही — आणि म्हटलं, "दर महिन्याच्या एक तारखेला हिच्यावर तपासतो, आजोबा. मापाचंसुद्धा माप घ्यावं लागतं. नाहीतर माणूस आयुष्यभर खोटं मोजेल आणि त्याला पत्ता लागणार नाही."

"वा," आजोबा म्हणाले. "चोख माणूस आहात." गेले.

मी तसाच उभा. हातात दांडी.

शटर अर्धं ओढून घरी आलो. गॅरेजच्या ड्रॉवरमधून जुनं गेज काढलं. चोवीस वर्षांत त्याला कधी मोजलं होतं? नव्यावर संशय घेतला, नव्याला मोजलं. आपल्याला कोण मोजतो! पुन्हा दुकानात आलो. आरशासारखं ते ऐंशीचं पातं मायक्रोमीटरमध्ये धरलं.

०.६६.

पुन्हा मोजलं. ०.६६. टोकाशी ०.६५.

हिशेब करून पाहिला. चोवीस वर्षं, दर रविवारी एकदा — साडेबाराशे वेळा पॉलिश पेपर. दर वेळी नजरेला न दिसणारा एक थर. गंज येऊ नये म्हणून घासत होतो. मीच, माझ्या हाताने, चहाच्या आधी! शेजारची पाती मोजली — ०.७५ चं ०.७५, ०.९० चं ०.९०. ज्यावर प्रेम केलं तेवढंच झिजलं.

म्हणजे "माझा आकडा" ०.८० कधी नव्हताच. शोधलं ते बरोबर होतं, फक्त नाव चुकीचं. सहा वर्षांपूर्वी पातं ०.७० वर तरी आलेलं असणार. म्हणूनच जुन्या प्लगांची गॅप "मिटलेली" निघाली — ती मिटली नव्हती, पहिल्यापासून तेवढीच होती! आणि मेहुण्याने नव्या कोऱ्या गेजने, खरीखुरी, बिनचूक ०.८० धरली होती. म्हणून तर त्याची गाडी फुरफुरली. त्याची चूक एवढीच की त्याने माझं तंतोतंत ऐकलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे दिवाही मीच, अंधारही मीच.

घरी आलो. ताट वाढून ठेवलं होतं. जेवलो. मीठ होतं की नव्हतं, सांगता येणार नाही.

२५ मार्च, मंगळवार

०.६६ चं पातं मिळत नाही. नव्या गेजमधलं ०.६५ चं घेतलं. चारही प्लग धरले, दोनदा तपासले. संध्याकाळी लेकीने पाय दाबला. तिसऱ्या गिअरमध्ये, फुंकणी पूर्ण दाबावर — एकसंध! चांगल्या कात्रीने रेशीम कापावं तसा आवाज!

ती ओरडली, "बाबा! काय केलंत?"

"गॅप कमी केली."

"पण भिंतीवर तर वाद नको लिहिलंय!"

तिला काय सांगू?

२७ मार्च, गुरुवार

गेलो. चष्म्याच्या दुकानात. निमित्त डोकेदुखीचं, आणि ते खोटंही नव्हतं.

एक आजी फ्रेम निवडत होत्या. मेहुणेबुवांनी मला पाहिलं. केस पिकलेत. म्हणाले, "बसा. हनुवटी इथे ठेवा." कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणावं तसं! मी हनुवटी ठेवली. मशीन डोळ्यांवर आलं. समोर अक्षरांचा तक्ता.

"वाचा."

मी म्हटलं, "माझं ऐंशीचं पातं झिजलेलं होतं."

"खालची ओळ."

"सासष्ट भरलं. तुझी गॅप बरोबर होती. माझं माप खोटं होतं."

"त्याच्या खालची."

"ती दिसत नाही."

"हं," म्हणाला. भिंग बदललं. "आता?"

आता दिसली. डोळ्यांत पाणी असूनही दिसली. डोळ्यांत पाणी मशीनमुळे येतं, कुणालाही विचारा.

"माफ कर," म्हटलं.

त्याने दिवा लावला, कागदावर नंबर लिहिला. शांतपणे म्हणाला, "तेव्हा चाळीस माणसं होती, भाऊजी. इथे मी, तुम्ही आणि या आजी."

आजी फ्रेम डोळ्यांवर धरून म्हणाल्या, "मी कुणाला सांगणार नाही हो."

"चष्मा बुधवारी मिळेल," तो म्हणाला.

२८ मार्च, शुक्रवार

सेक्रेटरींनी कान लावला. सही केली. गाडी पास!

३० मार्च, रविवार

सकाळी साडेनऊ. रेषेपाशी गर्दी, जुनी मंडळी सगळी हजर. ही आली आणि तिच्या मागे, पाण्याच्या पिंपाआड, कोण? हात खिशात, नजर भलतीकडे.

सेक्रेटरींकडून भोंगा मागून घेतला. त्यांना वाटलं हरवलेल्या किल्लीची सूचना आहे. मी म्हटलं: "सहा वर्षांपूर्वी इथे मी एका माणसाला हसलो, आणि तुम्हीही हसलात. त्याची गॅप बिनचूक होती. झिजलं होतं ते माझं पातं — आणि झिजवलं ते मीच. हे बघा." खिशातलं जुनं गेज वर धरलं. "ऐंशी लिहिलंय. सासष्ट आहे. चष्मा मला लागतो, त्याला नाही."

आधी एकजण हसला, मग दहा. मीही हसलो. सहा वर्षांपूर्वीपेक्षा हे हसणं बरंच हलकं वाटलं. पिंपाआडून आवाज आला, "भाऊजी, भाषण झालं असेल तर बोनेट लावा. पोरीचा नंबर आलाय!"

गाडी सुटली. पहिल्या वळणानंतर खालून काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. पहिलं. दुसरं. तिसरं. मेहुण्याने माझं कोपर धरलं. कधी जवळ आला कळलंच नाही. चौथ्या वळणाला त्याची बोटं एवढी रुतली की अजून वळ आहेत. गिअर पडला, फुंकणी गरजली आणि आवाज वळून वर गेला — अखंड! पाचवं! त्याने कोपर सोडलं, पण तिथून हलला नाही. अकराव्यापर्यंत दोघे मोजत होतो, मोठ्याने, शाळेतल्या पोरांसारखे.

तिसरा नंबर! लेक खाली आली, हेल्मेट काढलं आणि आधी मामाच्या गळ्यात पडली. मला राग आला पाहिजे होता. आला नाही.

रात्री सगळे आमच्याकडेच जेवले. मेहुणेबुवांनी गॅरेजमध्ये जाऊन भिंत वाचली, ऑइलपेंटचा डबा शोधला आणि "वाद नको" मधल्या "नको"वर एक सरळ रेघ मारली. मी बघत होतो. अडवलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

चष्मा आला. डबी उघडली तर आत पिवळं फडकं. कडेला तांबडा दोरा. असलं फडकं आधी पाहिलं आहे! गॅरेजमध्ये जाऊन नव्या गेजभोवतीचं काढलं. तोच कपडा, तोच दोरा.

लेक बॅग भरत होती. तिला दोन्ही दाखवली. ती खाली बसून हसायलाच लागली. "मामाने फेब्रुवारीत दिलं होतं. त्याचंच आहे, तेव्हाचं. म्हणाला, दर रविवारी घासून बाबांचं पातं झिजलंय हे मला केव्हाच कळलंय, पण मी सांगून पटणार नाही. त्यांच्या हातात खरं माप दे, मग तेच शोधतील. आणि थोडे दिवस त्यांची गाडीही फुरफुरू दे."

"आणि तुझी आई?"

"आईला तर पहिल्या दिवसापासून माहीत!"

म्हणजे सहा वर्षं माझी वाट बघून, शेवटी तोच आला होता. घासलेल्या कोपऱ्याच्या डबीतून. मीच ओळखलं नाही.

गेज त्याच फडक्यात गुंडाळून ठेवलं. पॉलिश पेपर फेकून दिला. यापुढे रविवारी नुसतं पुसायचं.